तोंडानं बोल

"विचारा की," मी म्हणाले.

"इचारतो, इचारतो. जरा दम खाऊ दे."

"वर सरांच्या समोर पण दम खात बसणार काय? विचारा."

अक्काताई सुतार पदराचं टोक बोटाला गुंडाळत जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर खालीवर करत होते. एका जागी उभं राहणं मला त्या दिवसांत जमतच नव्हतं. गडहिंग्लजमधल्या एका दूध संस्थेच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरायचा. खाली कॅन आपटायचे, टेम्पो मागं घेताना कुणीतरी ओरडायचं, आणि वर आम्ही लोकांचं दुःख शांतपणे कसं ऐकावं ते शिकायचो. कोर्सचं नाव लांबलचक होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर गावातल्या खचलेल्या माणसाशी कसं बोलायचं, त्याला धीर कसा द्यायचा आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं, ते शिकवणारा तो सहा महिन्यांचा कोर्स.

अक्कांनी घसा खाकरला. "बाई, तुमच्या मनात कदी... म्हंजे आसं... काय वंगाळबिंगाळ तर येत न्हाई न्हवं?"

"नापास," मी म्हणाले.

"आगं, इचारलो की!"

आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. लिहायला बसलं की मात्र शाळेतलं मराठी आठवतं.

"काय विचारलासा? वंगाळबिंगाळ म्हणजे काय कळणार समोरच्याला? सरळ म्हणायचं, मरायचं येतंय का मनात."

अक्कांनी दचकून वरखाली बघितलं. "हळू बोल की! भरल्या घरात आसलं बोलू ने. वास्तू तथास्तु म्हणते."

"घर कुठलं? दूध संस्था हाय ही. हिची वास्तू बोललीच तर फॅट किती लागलं तेवढंच बोलंल."

अक्का हसल्या, पण पदराचं टोक काही सुटलं नाही.

त्यांची सगळी गाडी त्या एका प्रश्नापाशी अडली होती. आमच्या इनामदार मॅडम कोल्हापूरच्या, शिकवायला कडक आणि बोलायला गोड. त्या पहिल्या आठवड्यापासून सांगत होत्या, की समोरचा माणूस फार खचलेला वाटला तर हा प्रश्न विचारायचाच, आणि आडून नाही, सरळ शब्दांत. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. आधीच असलं तर बाहेर यायला वाट मिळते. आणि उत्तर मान हलवून घ्यायचं नाही, तोंडानं बोलायला लावायचं, कारण मान कशीही हलते. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. अक्कांनी तर खाली रेघ मारली होती. पण नूलसारख्या गावात जन्म काढलेल्या बाईच्या जिभेवर तो शब्द येईना. बाळंतपणाला धावणारी, मयताला पहिली हजर असणारी बाई, पण 'मरण' म्हणायची वेळ आली की 'तसलं', 'वंगाळ', 'नको ते' असं काहीतरी पुटपुटायची.

मागच्या परीक्षेत तर कहर झाला होता. प्रश्नाच्या तोंडाशी येऊन अक्का थांबल्या, घाम पुसला आणि समोरच्या बाईला म्हणाल्या, "च्या ठेवू?" सगळा वर्ग हसला होता. मीसुद्धा. अक्का नापास झाल्या.

आज दुसरी आणि शेवटची संधी होती. यातही गेलं तर सगळा कोर्स पहिल्या धड्यापासून. आणि अक्कांना ते परवडणारं नव्हतं, कारण गावाला सांगून झालं होतं. ग्रामपंचायतीनं या कामासाठी एक खोली रिकामी करून दिली होती, तिला पिवळा रंग दिला होता. अक्कांचे मालक बाळूमामा सुतार. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, की आपली खुर्ची समोरच्यापेक्षा उंच नको आणि मध्ये टेबल नको. ते ऐकून मामांनी दोन खुर्च्या केल्या होत्या, एकाच मापाच्या, एकाच लाकडाच्या. येणारेजाणारे खिडकीतून वाकून बघत म्हणत, "अक्काताई, कवा चालू करतीस?" सून घरात तोंड वाकडं करून म्हणायची, "आदी पास तर होऊ द्यात."

मी पहिल्या खेपेलाच पास झाले होते. त्या दिवशी मी आले होते ती फक्त अक्कांच्या समोर बसायला. प्रात्यक्षिकात एकानं कार्यकर्ता व्हायचं, दुसऱ्यानं दुःखी माणूस व्हायचं, आणि दुःखी माणसाचं काम माझ्याइतकं कुणी करत नव्हतं. दारुडा नवरा, दहावी नापास पोरगी, सुनेनं टाकलेली सासू, जे सांगाल ते मी करायचे. वर्गातला शिवा तोडकर म्हणायचा, "वैजयंताताई, तुम्ही हितं काय करालाय? नाटकात जावा." मीही वाकून नमस्कार करायचे, टाळ्या घ्यायचे.

त्यासाठी मॅडमनी एक जांभळी ओढणी आणून ठेवली होती. जो दुःखी माणूस होईल त्यानं ती डोक्यावरून घ्यायची. खेळ संपला की ओढणी काढायची, मोठ्यानं आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. दुसऱ्याचं दुःख अंगावर घेऊन घरी जायचं नाही, इथंच उतरवून ठेवायचं, असं मॅडम म्हणायच्या. त्याशिवाय कुणाला खुर्चीवरून उठूच द्यायच्या नाहीत. मी ओढणी फर्रकन ओढायचे आणि पाठ केल्यासारखं म्हणायचे, "वैजयंता खोत, नेसरी, पोहे."

"रोज पोहेच?" अक्कांनी एकदा विचारलं होतं. "नेसरीत दुसरं काय मिळत न्हाई व्हय?"

"सासूबाईंच्या हाताला लई चव हाय, अक्का."

तर त्या दिवशी परीक्षा घेणाऱ्या सरांचा पत्ता नव्हता. कोल्हापूरहून निघालेत म्हणे, एवढंच कळत होतं. खाली दुधाचा टेम्पो लागला आणि जिन्यात तो वास चढला, ताज्या दुधाचा, कोमट. मला तो वास सहन व्हायचा नाही. मी नाकाला रुमाल लावला आणि वर पळाले, परत खाली आले, परत वर गेले.

"आगं बस की गप," अक्का म्हणाल्या. "परीक्षा माझी हाय का तुझी? तुझंच पाय थाऱ्यावर न्हाईत."

"मला बसवत नाही."

"खाल्लीस का काय?"

"पोहे," मी म्हणाले.

अक्कांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला लाडू काढून पुढं केला. मी तो घेतला आणि नंतर खाते म्हणून रुमालात ठेवला.

आले एकदाचे जिरगे सर. उंच, सडपातळ, घसा बसलेला. बोलायचं कमी म्हणून की काय, खिशातून काढलेल्या चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि नुसती बोटानं खूण केली. मी एक उचलली. शेवंता, वय चाळीस. मुलगा पुण्याला कामाला गेला तो परत येत नाही, नवरा बोलत नाही, झोप लागत नाही. आणि खाली, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. म्हणजे काम सोपं होतं. शेवंता खचलेली असणार, पण जिवावर उठलेली नसणार. अक्कांनी फक्त प्रश्न विचारायचा, मी नाही म्हणायचं, अक्कांनी पुढचं बोलायचं, घंटा वाजणार, नूलच्या खोलीचं कुलूप निघणार.

मी ओढणी डोक्यावरून घेतली.

आता सांगायला हरकत नाही. ओढणी घेतली की मला बरं वाटायचं. बाकी दिवसभर मला सगळीकडे हसून दाखवावं लागायचं. घरात, वडापच्या गाडीत, विहिरीवर, सगळीकडे. ओढणीखाली रडलं तर कुणी विचारत नव्हतं, का रडतेस म्हणून. उलट शाबासकी मिळायची. म्हणून मी प्रत्येक वेळी हात वर करायचे.

"या, शेवंताबाई," अक्का म्हणाल्या. "बसा. हितं दुसरं कोण येनार न्हाई, दार लोटून घेतलंय. तुमचं जे काय आसंल ते हितंच ऱ्हाईल."

छान सुरुवात केली. इनामदार मॅडमनी मान डोलावली. सर खाली मान घालून टिपून घेत होते. माझा उजवा पाय नेहमीसारखा हलत होता, खुर्ची कुरकुरत होती.

"काय सांगू, अक्का," मी शेवंता होऊन म्हणाले. "घर खायला उठतंय."

"कवापासनं?"

"गेल्या दिवाळीपासनं."

"दिवाळीत काय झालं?"

चिठ्ठीत दिवाळी नव्हती. मी म्हणाले, "पोरगा आला नाही."

"वाट बघितलासा."

"बघितली. सगळं तयार करून ठेवलं होतं. टोपडी शिवली होती."

ते माझ्या तोंडून कसं गेलं, मला कळलं नाही. अक्कांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. पुण्याला कामाला असलेल्या पोराला टोपडी कशाला?

"झोप लागत न्हाई म्हणालासा," अक्का हळू म्हणाल्या. मॅडमनी शिकवलं होतं तसंच, घाई न करता. "जागं ऱ्हाऊन मनात काय येतंय?"

"वास येतोय."

"कसला?"

"दुधाचा." माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "छाती दाटून यायची. प्यायला कोण नाही तर दुधाला कळतंय काय? सासूबाईंनी फडक्यानं आवळून बांधली. म्हणाल्या, गप पडून ऱ्हा, आटंल चार दिवसांत. त्याचं नाव काढायचं नाही घरात. होईल की दुसरं."

शिवा तोडकर मागं बाकावर बसला होता. तो "वा" म्हणाला, अगदी हळू, नाटकात दाद देतात तसा.

सर लिहायचे थांबले नव्हते. त्यांच्या दृष्टीनं शेवंताबाई रंगात आली होती. मॅडमच्या चेहऱ्यावरही कौतुकच होतं. फक्त अक्का माझ्याकडे बघत होत्या. बाळंतिणी बघितलेली बाई ती. चाळिशीची शेवंता, पोरगा पुण्याला कमावता, आणि दूध कुणाचं?

खाली कॅन आपटला. माझा पाय हलायचा थांबला. ते मला आजही नीट आठवतं, कारण वर्षभरात तो पहिल्यांदाच थांबला होता.

अक्कांनी पदराचं टोक बोटावरून सोडलं.

"शेवंताबाई," त्या म्हणाल्या, "मरायचं येतंय का मनात?"

विचारलं! अडखळल्या नाहीत, चहाबिहा काही नाही. मॅडमनी डोळे मिटून श्वास सोडला. सरांनी काहीतरी खूण केली, बरोबरची असणार. माझं काम एवढंच राहिलं होतं. नाही म्हणायचं. चिठ्ठीत लिहिलं होतं, नाही. अक्का पास होणार होत्या, एका शब्दावर. मी तोंड उघडलं आणि तो शब्द आलाच नाही. मी खरंच प्रयत्न केला. अक्कांची खोली आठवली, त्या खुर्च्या आठवल्या. नाही म्हण, वैजे, नाही म्हण.

अक्का पुढं वाकल्या आणि माझ्या डोक्यावरची ओढणी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली.

"अक्काताई," मॅडम घाईनं म्हणाल्या, "अजून घंटा व्हायची आहे. ओढणी राहू द्या, भूमिका चालू आहे."

"नाव सांग," अक्का मला म्हणाल्या.

"अक्काताई, गुण जातील तुमचे."

"नाव सांग, पोरी."

"वैजयंता खोत."

"गाव?"

"नेसरी."

"सकाळी काय खाल्लीस?"

मी पोहे म्हणणार होते. रुमालातला लाडू मांडीवर होता, तसाच, आता दाबून चुरा झालेला.

"काही नाही," मी म्हणाले.

अक्कांनी खुर्ची पुढं ओढली. आमचे गुडघे टेकले एकमेकांना.

"आता वैजीला इचारतो. शेवंता गेली. वैजे, तुला मरायचं येतंय का मनात?"

मी मान हलवली.

"तोंडानं बोल."

"हो," मी म्हणाले. "येतंय."

मग मॅडमची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं होतं की हे कुणाला सांगितलं तर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. खाली टेम्पोवाला हिशेबावरून भांडत होता, ते ऐकू येत होतं.

"हात धरू?" अक्कांनी विचारलं. हेसुद्धा मॅडमनीच शिकवलेलं, न विचारता हात लावायचा नाही. मी हो म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात धरले. रंध्याच्या कामात मदत करून करून खरखरीत झालेले त्यांचे हात गरम होते. मी रडले नाही. सहा महिने ओढणीखाली रडून झालं होतं बहुतेक.

"कुनाला सांगितलीस?"

"कुणाला नाही. हे ट्रॅक्टर घेऊन बाहेर असतात. आले की बोलत नाहीत, मीपण बोलत नाही. घरात नाव काढायचं नाही म्हणाल्यावर..."

"आज घरी एकटी जायाचं न्हाई," अक्का म्हणाल्या. "तू, मी आनी मॅडम, आत्ताच डाक्टरकडं जाऊ. मालकास्नी फोन लावू. चालंल?"

"चालंल."

मग त्या सरांकडे वळल्या. "सर, ऱ्हायल्याली परीक्षा मला आता देता यायची न्हाई. काय लिवायचं ते लिवा. आमास्नी जायाचं हाय."

जिरगे सर उभे राहिले. बसलेल्या घशानं जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. "माझी गाडी आहे खाली. कोल्हापूरला माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, मनाच्याच. मी फोन करतो."

त्या गाडीत मागच्या सीटवर मी मधे होते, एका बाजूला अक्का आणि एका बाजूला मॅडम. मॅडम सारखं स्वतःशीच म्हणत होत्या, "मला कसं कळलं नाही, सहा महिने समोर होती." अक्कांनी त्यांना गप्प केलं नाही, आणि धीरही दिला नाही. निपाणीच्या आसपास त्यांनी मला विचारलं, "पोरगी व्हती का पोरगा?"

"पोरगी. आठवा सरत आला होता."

"नाव काय ठेवनार व्हतीस?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही. जे जन्माला येऊन रडलंच नाही, त्याला बारसं नाही, तेरावं नाही, मग नाव कुठलं? पण मी ठरवलं होतं. टोपड्यावर एक अक्षर भरलंही होतं रेशमानं.

"जाई," मी म्हणाले, आणि मग जे रडायला आलं ते कोल्हापूर येईपर्यंत थांबलं नाही. सरांनी गाडीतला रेडिओ बंद केला.

डॉक्टरांकडे जाणं, गोळ्या, महिनाभर माहेरी राहणं, नवऱ्याला समोर बसवून बोलणं, त्याचंही ढसाढसा रडणं, ते सगळं पुष्कळ लांबलं आणि ते काही सुरळीत झालं नाही. सासूबाई आजही तो विषय निघाला की उठून जातात. पण मी जगले.

अक्कांच्या निकालावर 'अपूर्ण' असं लिहून आलं. सरांनी मुद्दाम नापास लिहिलं नाही, पण नियमाप्रमाणे कोर्स पहिल्यापासून करावा लागणारच होता. नूलची पिवळी खोली आणखी सहा महिने बंद राहिली. सुनेनं काय काय ऐकवलं असेल ते मी विचारलं नाही. अक्का परत पहिल्या बाकावर जाऊन बसल्या, पहिल्या धड्यापासून, आणि या खेपेला वहीत रेघ मारायची त्यांना गरज पडली नाही. परीक्षेच्या दिवशी मी जिन्यात बसले होते. मला समोर बसू द्यायचं नाही असं मॅडमनी ठरवलं होतं आणि ते बरोबर होतं. खाली दूध येत होतं, वास येत होता. मी नाकाला रुमाल लावला नाही. वरून अक्कांचा तो प्रश्न मला जिन्यात स्पष्ट ऐकू आला, एवढ्या मोठ्यानं विचारला त्यांनी. संस्थेतला कारकून फॅट मोजायचं सोडून वर बघायला लागला.

तेव्हा एक झालं. मी पहिल्या खेपेला पास का झाले होते, ते मला उमगलं. तो प्रश्न मला अवघड वाटला नव्हता, कारण तो शब्द दिवसभर माझ्या तोंडाशीच असायचा. अक्कांना तो अवघड होता, कारण त्यांना तो खरा वाटायचा.

मग बरीच वर्षं गेली. मीही आता हेच काम करते, नेसरी भागात. माझ्या पिशवीत एक ओढणी असते, जांभळी नाही, पोपटी.

परवा अक्कांच्या घरी बारसं होतं, त्याच सुनेच्या मुलीचं, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेल्या. घर माणसांनी भरलेलं. पाळण्याला फुलं बांधलेली, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, कुणीतरी पाळणा म्हणत होतं. मी भिंतीला टेकून घुगऱ्या खात होते. बारशाला जाणं मला अजूनही जड जातं, पण मी जाते. पाळण्याजवळ अक्का उभ्या होत्या, केस सगळे पिकलेले, चष्मा नाकावर घसरलेला. बाळाच्या कानात नाव सांगून झालं, कुर्रर्र झालं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपके घातले, हसणं उसळलं. तेवढ्यात अक्कांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"वैजे," त्या एवढ्या माणसांच्या डोक्यावरून म्हणाल्या, "मरायचं येतंय का मनात?"

पाळणा म्हणणारी अर्ध्यात थांबली. अक्कांच्या थोरल्या नणंदेनं कपाळाला हात लावला.

"अक्काताई! भरल्या घरात, बारशाच्या दिवशी काय बोलालीस? वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे तिला काय म्हणायचं ते," अक्का म्हणाल्या. "मी वैजीला इचारलोय, वास्तूला न्हाई."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. पाळण्याशेजारची सूनसुद्धा. तोंडात घुगऱ्या होत्या. मी मान हलवली.

"तोंडानं बोल," अक्का म्हणाल्या.

मी घास गिळला.

"न्हाई, अक्का," मी त्या भरल्या घरात मोठ्यानं म्हणाले. "आज न्हाई."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि पाळण्यातलं पोर उचलून माझ्याकडे घेऊन आल्या.